वाढीव दाब आणि इंजिनाचें आयुष्य

मोटारगाडीची शक्ति वाढवून देण्याचा एक नवा धंदा अलीकडील वर्षांत आपल्या महाराष्ट्रांत चांगलाच फोफावला आहे. कारागीर गाडीच्या चाकासमोरील फळीखालच्या सॉकेटांत एक तार जोडतो, मांडीवरचा संगणक उघडतो आणि तास-दीड तासांत ११० अश्वशक्तीची गाडी १३० ची झाली म्हणून सांगतो. पाना नाहीं, हातोडा नाहीं, एक नटहि सैल करावा लागत नाहीं. ह्या क्रियेस 'रीमॅप' म्हणतात. आमच्या इंझोरीचीं व मानोरा-कारंजाकडील जीं मुलें चाकण, रांजणगांव, पिंपरी येथील कारखान्यांत नोकरीस लागलीं आहेत, तीं दिवाळीस गांवीं आलीं म्हणजे पारावर सोयाबीनच्या भावाच्या जोडीनें 'बूस्ट किती ठेवला?' हा प्रश्नहि ऐकूं येतो. तरुणांनीं यंत्राच्या पोटांत डोकावून पाहावें ह्याचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु ह्या गप्पांतून जीं दोन मतें ऐकूं येतात तीं दोन्ही आम्हांस अपुरीं वाटतात. एक पक्ष म्हणतो, दाब वाढविल्यानें कांहींच होत नाहीं, कंपनीनें शक्ति मुद्दाम दाबून ठेविलेली असते. दुसरा पक्ष म्हणतो, टर्बो म्हटलें कीं इंजिन लवकर बसावयाचेंच. ह्या वादाचा निकाल लावण्यापूर्वीं मूळ वस्तु पाहूं.

लोहाराच्या भट्टींत कोळसा तोच असतो, पण भात्याची फुंक बसली कीं आंच भडकते. कारण जळावयास इंधनाइतकीच हवाहि लागते. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट तीच. सिलिंडरांत जितकी हवा शिरेल त्याच्याच प्रमाणांत पेट्रोल जळूं शकतें. साधें इंजिन आपल्या श्वासानें हवा ओढून घेतें. टर्बो तीच हवा कोंबून भरतो, आणि कोंबण्यास लागणारी शक्ति तो धुरांड्यावाटें वायां जाणाऱ्या तप्त वायूंपासून मिळवितो. एका दांड्याच्या एका टोकास धुराच्या झोतानें फिरणारें चक्र आणि दुसऱ्या टोकास हवा दाबणारें चक्र, इतकाच हा व्यवहार. लहान मोटारींत हा दांडा मिनिटास दोन लाखांच्या घरांत फेरे घेतो, आणि तो तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. पुढें १९२५ त त्यानें दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची शक्ति १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत नेऊन दाखविली. मध्यंतरीं १९१८ त अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस ह्यानें विमानाचें लिबर्टी इंजिन पाइक्स पीक ह्या चौदा हजार फूट उंचीच्या डोंगरावर चढविलें, आणि विरळ हवेमुळें गेलेली त्याची शक्ति टर्बोच्या साह्यानें परत मिळविली. मॉसला गेलेली शक्ति भरून काढावयाची होती. आजच्या हौशी मोटारवाल्यास वरकड शक्ति हवी आहे. यंत्र एकच असलें तरी दोघांचा हिशेब निराळा आहे.

आतां दाबाचा हिशेब. आपल्याभोंवतीं हवेचा दाब सुमारें एक बार असतो. गाडींतील घड्याळ ०.८ दाखवितें तेव्हां तो वातावरणाच्या वरचा दाब समजावा. एकूण दाब १.८ बार. दुकानदार कधीं एक आकडा सांगतो, कधीं दुसरा, कधीं पौंडांत बोलतो, आणि ऐकणारा गोंधळून जातो. पण ह्या फुंकीच्या दाबानें पिस्टनला थेट इजा होत नाहीं. इजा होते ती पेट घेतल्यानंतरच्या दाबानें. आजच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तो १०० बारच्या आसपास चढतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचा भार सुमारें साडेचार हजार किलो पडतो. आपल्याकडील रुईची गांठ १७० किलोंची धरली तर सव्वीस गांठी तळहाताएवढ्या एका चकतीवर रचल्यासारखें झालें. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर हा तडाखा एकेका पिस्टनवर सेकंदास पंचवीस वेळां बसतो. हवा जास्त भरली कीं हा भार त्याच प्रमाणांत चढतो. तरीहि आमच्या मतें इंजिनाचा खरा शत्रु हा भार नव्हे. लोखंड भार सोसतें, तो किती यावयाचा हें आधीं ठाऊक असलें म्हणजे झालें. खरा शत्रु उष्णता.

सायकलींत हवा भरतांना पंपाची नळी हाताला चटका देते हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. हवा दाबली कीं ती तापते. वऱ्हाडांत वैशाखाच्या दुपारीं बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते. टर्बोनें तिचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता शेंकडा सत्तर धरली, तर गणितानें ती हवा १४५ अंशांच्या जवळ जाऊन पोंचते. दाब अडीचपट केला तर १८० अंशांवर. हेंच काम युरोपांत १५ अंशांच्या हवेंत केलें तर दुपटीच्या दाबास १०५ अंशच होतात. ज्या परदेशी तक्त्यांवर आपले कारागीर विसंबून राहतात ते बहुधा थंड देशांत तयार झालेले असतात. हे चाळीस अंश त्यांत कोठें धरलेले असतात, हा प्रश्न गाडी देण्यापूर्वीं विचारावा. ही तापलेली हवा थंड करण्यासाठीं पुढील जाळीमागें इंटरकूलर बसविलेला असतो खरा. परंतु तो हवेस बाहेरच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. बाहेरच ४५ असतील तर आंत साठाच्या आसपास गेलें तरी समाधान मानावें लागतें.

अतितप्त हवेंत पेट्रोल मिसळलें कीं ठिणगीची वाट न पाहतां, किंवा ठिणगीनंतर ज्वाला पसरण्यापूर्वींच, त्याचा कांहीं भाग आपोआप स्फोट पावतो. मिस्त्री लोक ह्यास 'नॉकिंग' म्हणतात. डब्यांत खडे हलविल्यासारखा तो आवाज ऐकूं येतो. पिस्टनवर ढकलण्याऐवजीं घण घातल्यासारखा हा आघात असतो, आणि तो वारंवार झाला म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधील पातळ कडा तुटतात. हल्लींच्या इंजिनांत कानासारखें काम करणारें एक उपकरण बसविलेलें असतें. खडखड ऐकूं येतांच संगणक ठिणगी उशिरा पाडतो व दाबहि कमी करतो. पहिल्यानें ही युक्ति बाजारांत रूढ करणारांत स्वीडनची साब कंपनी अग्रणी होती. ह्याचा एक गमतीचा परिणाम असा होतो कीं, ज्या वाढीव शक्तीसाठीं आपण पैसे मोजले ती मे महिन्यांत दुपारीं संगणक स्वतःच काढून घेतो! जर रीमॅप करतांना ह्या कानाची मर्यादाच सैल केली असेल, तर शक्ति मिळते, आणि तिचें बिल पिस्टनच्या नांवावर चढतें.

ह्या विषयांत एक जुनें उदाहरण मोठें बोलकें आहे. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही मोटार विक्रीस आली. सर्वसामान्य गिऱ्हाइकास मिळणाऱ्या पहिल्या दोन टर्बो मोटारींपैकीं ती एक. दुसरी त्याच वर्षींची शेव्हरोले कॉर्व्हेअर. जेटफायरचा वाढीव दाब फार नव्हता, चौरस इंचास पांच पौंड. परंतु तिच्या सिलिंडरांतील मूळची दाबणी सव्वादहास एक इतकी चढी ठेवलेली होती, त्यामुळें नॉकिंगचें भय. त्यावर कंपनीनें उपाय काढला तो असा: शुद्ध पाणी व मिथेनॉल ह्यांच्या मिश्रणाची एक टाकी गाडींतच बसविली. दाब चढला कीं तें द्रव थोडें थोडें आंत फवारलें जाई व हवा थंड राही. टाकी रिकामी झाली तर दाब आपोआप रोखला जाईल अशीहि योजना होती. कागदावर सारें चोख होतें. पण पेट्रोलाखेरीज आणखी एक टाकी भरावयाची असते हें मालकांच्या अंगवळणीं पडलें नाहीं. टाक्या कोरड्या पडूं लागल्या, गाड्या मंदावल्या, तक्रारी वाढल्या. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या विकून कंपनीनें ती बंद केली, आणि ज्यांनीं आधीं घेतल्या त्यांपैकीं कित्येकांनीं टर्बोच काढवून घेतला. इंजिनियरांनीं मालकाची शिस्त गृहीत धरली होती. मालक तर साधा माणूस होता. तेव्हांपासून शहाणे कारखानदार मालकाच्या हलगर्जीपणाचाहि हिशेब आधींच मांडून ठेवूं लागले.

ह्याच्या अगदीं उलट टोंकास शर्यतींच्या मोटारी. १९७७ त रेनोनें फॉर्म्युला वन शर्यतींत टर्बो आणला तेव्हां ती गाडी इतक्या वेळां धूर सोडीत थांबे कीं लोक तिला पिवळी किटली म्हणूं लागले. नऊ वर्षांनीं, १९८६ त, बी.एम.डब्ल्यू.चें दीड लिटरचें चार सिलिंडरांचें इंजिन वातावरणासह पांच बारहून अधिक दाबावर बाराशेंहून अधिक अश्वशक्ति देत होतें. त्याचा मूळ सांगाडा साध्या प्रवासी मोटारीच्या इंजिनाचाच. पण प्रवेशफेरीसाठीं बांधलेलें असें इंजिन दोन-चार फेरे धांवलें कीं त्याचें काम संपलें. शर्यतीस दुसरें बसवीत. पुढें नियमकर्त्यांनीं १९८७ त चार बार, १९८८ त अडीच बार अशी मर्यादा घातली आणि १९८९ पासून टर्बोच बंद केला. २०१४ त तो पुन्हां आला तो काटकसरीच्या नियमांत जखडलेला. शक्ति किती घ्यावी ह्याचें उत्तर तेथें मिळतें: जितकी आयुष्यांतून वजा करावयाची तयारी असेल तितकी. ज्यांचे धनी नवें इंजिन रोज विकत घेऊं शकतात त्यांनीं तें खुशाल करावें.

मग दाब म्हणजे अल्पायुष्य असेंच समजावें काय? नाहीं. नागपूर-मुंबई वाहतुकीचा कोणताहि मोठा ट्रक पाहा. त्याच्या डिझेल इंजिनास टर्बो असतो, त्याचा दाब हौशी मोटारीहून अधिक असतो, सिलिंडरांतील ज्वलनाचा दाब दीडशें बारांहून वर जातो, आणि तरी तें इंजिन लाखों किलोमीटर न उघडतां चालतें. पुण्याजवळ कोथरूड येथें १९६० च्या दशकांत किर्लोस्कर-कमिन्सनें अशीं इंजिनें बांधावयास आरंभ केला होता. त्यांचें बळ कशांत आहे? जाड भिंतींत, भक्कम क्रँकमध्यें, पिस्टनच्या पोटावर खालून सोडलेल्या तेलाच्या फवाऱ्यांत आणि सावकाश फिरण्यांत. आमच्याकडील वृद्ध शेतकऱ्यांस विहिरीवरचें जुनें तेलइंजिन आठवतें. टर्बो नाहीं, घाई नाहीं, दिवसभर एकाच सुरांत ठक्‌ठक्‌ करीत बसावयाचें, आणि बापाकडून मुलाकडे वारशानें यावयाचें. त्या इंजिनावरून ते नव्या मोटारीस नांवें ठेवतात तें मात्र न्याय्य नाहीं. त्या इंजिनाला एका लिटरांतून शंभर अश्वशक्ति कोणी मागितली नव्हती. दाब जितका यावयाचा तितका सोसण्यासाठीं जें बांधलें आहे तें टिकतें. एका दाबासाठीं बांधून दुसऱ्या दाबावर चालविलें तें टिकत नाहीं. आमच्या मतें वाद दाबाचा नसून ह्या दोहोंमधील अंतराचा आहे.

हें अंतर कंपनी ठेवते, हें रीमॅपवाल्यांचें म्हणणें खरें आहे. त्यांस पुरावाहि मिळतो. टाटांचें १,१९९ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें टर्बो इंजिन २०१७ त नेक्सॉनमध्यें ११० अश्वशक्तीचें होतें. तेंच पुढें १२० चें झालें, आणि अल्ट्रोझमध्यें २०२१ त ११० वर ठेवून २०२४ च्या रेसर नांवाच्या प्रकारांत १२० वर नेलें. महिंद्रांचें १,९९७ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन थारमध्यें १५० आणि एक्स.यू.व्ही. ७०० मध्यें २०० अश्वशक्ति देतें. हे आकडे दाखवून कारागीर विचारतो, कंपनीच जर वाढविते तर आम्हीं कां वाढवूं नये? उत्तर असें कीं, कंपनी आंकडा वाढविते तेव्हां ती इंजिन महिनोन्‌महिने चाचणीच्या खाटेवर पूर्ण भारानें चालविते, लडाखच्या थंडींत व राजस्थानच्या उन्हांत गाडी फिरविते, शीतक, गिअर, क्लच तपासते, आणि शेवटीं त्यावर हमी लिहून देते. तारेनें दाब वाढविणारा ह्यांतलें काय करतो? कांहीं चांगले कारागीर आहेत. ते इंजिनाच्या नोंदी घेतात, मर्यादेंत राहतात, गिऱ्हाइकास धोका सांगतात. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण त्यांच्यापाशींहि खाट नाहीं आणि हमी नाहीं.

त्यांचा दुसरा मुद्दा असा कीं, कंपनीनें सोडलेलें हें अंतर म्हणजे निव्वळ भीतीपोटीं वायां घालविलेली शक्ति. तें वाईटांत वाईट पेट्रोल, वाईटांत वाईट ऊन, वाईटांत वाईट धूळ आणि निष्काळजी मालक धरून ठेवलेलें असतें. हें आम्हीं अक्षरशः मान्य करितों. आणि मग विचारतों, तें वाईटांत वाईट ऊन म्हणजे कोणतें? तें अकोला-वाशीमचें ऊन होय. ती धूळ म्हणजे काळ्या जमिनीच्या पांदणीची, सोयाबीन निघतांना हार्वेस्टरमागें उडणारी धूळ. तें अंतर आमच्यासाठींच ठेवलेलें आहे! पुण्याच्या हौशी गृहस्थास तें फाजील वाटेल, कारण त्याची गाडी सावलींत उभी राहते. वऱ्हाडांतल्या माणसानें तें खर्चून टाकणें म्हणजे पेरणीपूर्वीं बियाणें विकण्यासारखें आहे. सध्यांच्या पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल असतें व त्यानें नॉकिंगला कांहींसा आळा बसतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते. तेव्हां एका हातानें मिळालेलें थोडेंसें दुसऱ्या हातानें जातेंच.

आणि ही शक्ति हवी तरी कशास? उत्तर तयार असतें, समृद्धि महामार्गासाठीं. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, संपूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ पासून चालूं आहे, आणि आमच्या वाशीम जिल्ह्यांत कारंजा, शेलू बाजार, मालेगांव येथें तो चढावयास मिळतो. मोटारीस तेथें १२० ची मर्यादा आहे. आम्हीं साध्या पदार्थविज्ञानानें हिशेब केला. मध्यम आकाराची मोटार सपाट रस्त्यावर १२० च्या गतीनें ठेवण्यास हवेचा अडथळा व चाकांचें घर्षण मिळून तीस-पस्तीस अश्वशक्ति पुरते. म्हणजे ११० अश्वशक्तीचें इंजिन तेथें तिसऱ्या हिश्शानें काम करीत असतें, टर्बो जेमतेम फुंकर घालीत असतो, आणि अशा चालीनें तें फार वर्षें टिकावें. गति १६० वर नेली कीं हीच गरज सुमारें दुप्पट होते, आणि ती तासन्‌तास राहते. कायद्याच्या मर्यादेंत वाढीव दाबाचा उपयोग पुढील ट्रक ओलांडण्यापुरता, दहा सेकंदांचा. त्या दहा सेकंदांस मूळची शक्ति पुरेशी आहे.

दाब वाढविलेल्या गाडीचा चालक सहसा उच्च गतीनें इंजिन मोडतो असें नव्हे. तें मोडतें तें बहुधा खालच्या फेऱ्यांवर. रीमॅपनंतर गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त आवडतें तें हें कीं, गाडी चढावरहि वरच्या गिअरांत ओढते, गिअर उतरवावा लागत नाहीं. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें त्यांत नेमकी ही जागा घातक असते. फेरे दोन हजारांच्या खालीं, पाय पुरा दाबलेला, दाब चढलेला. अशा वेळीं तेलाच्या एखाद्या थेंबानें वा काजळीच्या कणानें ठिणगीपूर्वींच पेट घेतला तर सिलिंडरांतील दाब एका क्षणांत दुपटीवर जातो आणि एकाच धक्क्यांत पिस्टन फुटूं शकतो. नॉकिंगचें उपकरण हें ऐकेपर्यंत काम आटोपलेलें असतें. तेलांत कॅल्शियमयुक्त द्रव्यें फार असतील तर हा प्रकार वाढतो असें आढळल्यावरून २०१८ त एस.एन. प्लस आणि २०२० त एस.पी. ह्या तेलाच्या नव्या प्रती ठरविण्यांत आल्या. डब्यावरील हीं दोन अक्षरें न वाचतां दुकानदार देईल तें तेल ओतणारे लोक दाबाच्या आंकड्यावर मात्र तासभर वाद घालतात.

तेलाविषयीं आणखी दोन शब्द. टर्बोच्या धुराकडील चक्रास पेट्रोल गाडींत नऊशें-हजार अंशांचा झोत लागतो. दौड करून आल्याबरोबर इंजिन बंद केलें तर दांड्याभोंवतींचें तेल जागच्या जागीं करपून कोळसा होतें. नव्या गाड्यांत त्यास पाण्याचें शीतन असतें म्हणून भय कमी झालें आहे, पण मिनिटभर इंजिन सावकाश चालूं ठेवण्यास पैसे पडत नाहींत. धुळीच्या मुलखांत तेल व हवेची गाळणी पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीच्या आधींच बदलावी. आणि ती शंकूच्या आकाराची उघडी गाळणी, जी आवाजासाठीं बसवितात, ती तर आमच्या मुलखांत कोणीहि बसवूं नये. ती बॉनेटखालची तापलेली हवा ओढते आणि बारीक धूळ आंत सोडते. दाब वाढवूनहि जें इंजिन दहा वर्षें टिकलें असतें तें ह्या गाळणीनें तीन वर्षांत तेल पिऊं लागतें.

येथवर झालें तें ज्याची गाडी त्याच्या नफ्या-तोट्याचें. स्वतःच्या पैशानें स्वतःचें इंजिन कोणी झिजवीत असेल तर त्यास अडविण्याचा आमचा अधिकार नाहीं; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम व कंपनीची हमी ह्यांचा विचार त्यानें करावा म्हणजे झालें. आमची खरी हरकत पुढें आहे. शहरांतला पहिला मालक तीन-चार वर्षें वाढीव दाबाची मजा घेतो. गाडी विकण्याच्या आदल्या दिवशीं तोच कारागीर तीच तार जोडून मूळचा तक्ता परत भरतो. आंकडा ११० होतो; झिजलेल्या रिंगा, करपलेला टर्बो आणि घसरता क्लच मात्र मूळ पदावर येत नाहींत. ती गाडी दलालामार्फत फिरत फिरत आमच्याकडे येते, आणि ती घेतो कोण? ज्यानें कापूस विकून, बँकेचें थोडें कर्ज काढून, म्हाताऱ्या आईस दवाखान्यांत नेतां यावें म्हणून आयुष्यांतली पहिली चारचाकी घेतली असा माणूस. सहा महिन्यांत गाडी निळा धूर सोडूं लागते. लोक म्हणतात, टर्बो गाडी वाईटच. कोणी म्हणतो, ह्याला चालवितां येत नाहीं. कंपनीनें इंजिनांत जें अंतर राखून ठेवलें होतें तें गाडीच्या सबंध आयुष्यासाठीं होतें, तिच्या तिसऱ्या धन्यासाठींहि होतें. पहिल्यानें तें खर्च केलें आणि किंमत मात्र पूर्ण वसूल केली. बैलबाजारांत बैलाचे दांत व खूर दाखवून सौदा करावयाची आपली जुनी रीत आहे. लंगडेपण झांकून बैल विकणाऱ्यास गांव विसरत नाहीं. संगणकाची तार अदृश्य आहे म्हणून ती रीत मोटारीस लागूं नये काय?

आमची सूचना अशी आहे कीं, जुन्या मोटारीच्या विक्रीच्या कागदावर किलोमीटर व अपघात ह्यांच्या शेजारीं एक ओळ असावी: इंजिनाच्या संगणकांत मूळ तक्त्याखेरीज दुसरा कधीं भरला होता काय? होय किंवा नाहीं, आणि खालीं विकणाराची सही. ज्यानें जाणकार कारागिराकडून, जपून दाब वाढविला व तेल वेळेवर बदललें, त्यास ही ओळ लिहावयास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. उलट त्याच्या पावत्या त्याची साक्ष देतील. जुन्या मोटारींचे मोठे व्यापारी हल्लीं दोनशें-दोनशें बाबी तपासून दिल्याची जाहिरात करतात. त्यांत ही एक बाब घालणें त्यांस जड नाहीं, कारण कित्येक गाड्यांचा संगणक किती वेळां नव्यानें लिहिला गेला ह्याची नोंद त्याच्याच पोटांत राहते आणि अधिकृत दुकानांत ती वाचतां येते.

तोंपर्यंत घेणारानें स्वतः पाहावें. हवेच्या गाळणीचा मूळ डबा जागेवर आहे कीं उघडा शंकु बसविला होता त्याच्या खुणा आहेत. तेल बदलल्याच्या पावत्यांवरील तारखांत मोठें खिंडार आहे काय. चवथ्या-पांचव्या गिअरांत पाय दाबतां फेरे वाढतात पण गाडी वाढत नाहीं असें होतें काय. पांच मिनिटें सावकाश चालवून एकदम रेस दिल्यास मागें निळी झांक दिसते काय. टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढून आंत तेलाचा ओघळ आहे का तेंहि पाहावें. बोटाला नुसता ओशटपणा लागला तर चिंता नाहीं, तेल साचलेलें असलें तर आहे. शेवटीं कारंजास किंवा अकोल्यास ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन, इंजिन गरम करून, प्रत्येक सिलिंडरची दाबणी मोजून घ्यावी. तिन्हीं आंकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एखादा बराच खालीं निघाला, तर विकणारा किती का गोड बोलेना, त्या दिवशीं बयाणा देऊं नये.